डबलबारीला एकाच एलईडी स्क्रीनवर बुवांचा व्हिडिओ आणि अभंगाचे शब्द, दोन्ही नीट कसं दाखवायचं?

कातळावरचा (देवगड)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. आमच्या गावात (नाव सांगत नाही, नाहीतर मंडळवाले मला शोधत येतील) दरवर्षी हरिनाम सप्ताह असतो नि शेवटच्या रात्री डबलबारी (दोन भजनी बुवांचा समोरासमोर सामना). मागच्या वर्षी मुंबईकरांनी वर्गणी काढून एलईडी वॉल भाड्याने आणली, कारण देवळापुढचा मांडव लांबलचक आहे आणि मागे बसणाऱ्याला बुवा दिसतच नाहीत, नुसते माइकचे स्टँड दिसतात. त्यात कोणीतरी (म्हणजे मीच) आयडिया काढली की व्हिडिओच्या खाली अभंगाचे शब्दपण टाकू, म्हाताऱ्या माणसांना सोबत म्हणता येईल.

तर सेटअप असा होता, एक कॅमेरा, त्यातून एचडीएमआय केबल, मग यूएसबीचं ते स्वस्तातलं कॅप्चर डोंगल (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं), लॅपटॉपवर ओबीएस (व्हिडिओ आणि मजकूर एकत्र करायचं सॉफ्टवेअर), ओबीएसमध्ये खाली टेक्स्ट, आणि लॅपटॉपचा दुसरा डिस्प्ले म्हणून वॉल. घरी टीव्हीला लावून बघितलं तेव्हा एकदम झकास दिसत होतं. मांडवात लावलं आणि इज्जतीचा फालुदा. पहिल्या दोन रांगा सोडल्या तर कोणालाच अक्षर लागेना. आमची आजी सातव्या-आठव्या रांगेत बसलेली, मला हाक मारून सगळ्यांच्या देखत विचारते, "झिला, शब्द खय आसत? माका तर खाली मुंगळे धावतत तसा दिसता."

वर अर्धे अभंग डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणलेले, ते ओबीएसमध्ये पेस्ट केले की इंग्रजी अक्षरांचा काला व्हायचा. ते रात्री दहा वाजता मोबाइलवर परत टाइप करत बसलो. आणि बुवांचं तोंड आणि आवाज पण जुळत नव्हता, स्क्रीनवर तोंड नंतर हलायचं. खाली देणगीदारांची नावं फिरत होती ती पण धक्के खात खात.

यंदा परत तीच वॉल येणार आहे. एकाच स्क्रीनवर दोन्ही नीट दाखवायचं काही शास्त्र आहे का, की सरळ शब्दांचा नाद सोडून द्यावा? स्वस्तातला उपाय सांगा, वर्गणी मर्यादित आहे.

कुडाळ_लाइव्ह

शब्दांचा नाद सोडू नका, चांगलं काम आहे. आधी एक सांगा, वॉल कुठल्या पिचची होती आणि किती पॅनल? बिलावर लिहिलेलं असतं बघा.

कातळावरचा (देवगड)

बिलावर पी ३.९१ लिहिलंय. पॅनल आडवे ७ आणि उभे ४, चौकोनी होते, साधारण हातभर.

कुडाळ_लाइव्ह

मग तुमचं दुखणं इथेच आहे. पी ३.९१ म्हणजे एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत ३.९१ मिलिमीटर. तुमचं पॅनल ५०० बाय ५०० मिलिमीटरचं असणार, त्यात १२८ बाय १२८ पिक्सेल बसतात. सात आडवे आणि चार उभे म्हणजे तुमची अख्खी वॉल ८९६ बाय ५१२ पिक्सेलची. बास. दिसायला साडेअकरा फूट रुंद, पण पिक्सेल मोजले तर तुमच्या खिशातल्या मोबाइलपेक्षा कमी.

आणि तुम्ही लॅपटॉपमधून पाठवत होता १९२० बाय १०८०. वॉलच्या प्रोसेसरने ते दाबून निम्म्याहून लहान केलं. व्हिडिओला त्याचं काही वाटत नाही, बुवांचा चेहरा अर्ध्या पिक्सेलमध्ये पण बुवांचाच दिसतो, डोळा थोडा पुसट झाला तरी आपलं डोकं भरून काढतं. अक्षराचं तसं नाही. ओबीएसमध्ये साइज किती ठेवली होती? ४८ वगैरे असेल तर वॉलवर ती झाली २२ च्या आसपास, त्यातलं अक्षराचं धड (शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंत) उरलं १४ पिक्सेल, म्हणजे साडेपाच सेंटिमीटर. शिरोरेषा जेमतेम दीड-दोन पिक्सेल जाड, वेलांटी आणि रफार एकमेकांत मिसळलेले. त्याला आजी मुंगळे म्हणाली ते बरोबरच म्हणाली.

बोर्डवाल्यांचा एक ढोबळ हिशोब आहे, दर १० फूट अंतराला १ इंच उंचीचं अक्षर, तर आरामात वाचता येतं. साडेपाच सेंटिमीटर म्हणजे सव्वादोन इंच, म्हणजे बावीस फुटांपर्यंत. तुमच्या पहिल्या दोन रांगा तिथेच संपल्या असणार.

तेव्हा उलटं करा, आधी अक्षर ठरवा, मग उरलेल्या जागेत व्हिडिओ. मी असं करतो: ८९६ बाय ५१२ मध्ये व्हिडिओला वरच्या डाव्या कोपऱ्यात ६४० बाय ३६० देतो, म्हणजे १६:९ चं माप मोडत नाही. उजवीकडे २५६ रुंदीची उभी पट्टी उरते, तिथे बुवांचं नाव, गाव, मंडळाचा लोगो. खाली पूर्ण रुंदीची १५२ पिक्सेलची पट्टी उरते, ती शब्दांना. त्यात वॉलच्या पिक्सेलमध्ये ५२ साइजच्या दोन ओळी बसतात, धड ३३ पिक्सेल, म्हणजे तेरा सेंटिमीटर, पाच इंच. पन्नास फुटांपर्यंत काम झालं. ओबीएसचा कॅनव्हास १९२० चाच ठेवणार असाल तर तिथे हीच साइज १११ लिहायची. घरी टीव्हीवर बघाल तर भयंकर मोठं वाटेल, वाटू दे.

मृदुंग आणि माउस (मालवण)

वा, कुडाळवाल्यांनी हिशोब भारी मांडलाय. त्यात माझी एक भर. मी स्वतः भजनात पखवाज वाजवतो म्हणून सांगतो, अभंगाला तुमची ती दोन ओळींची पट्टी मापून शिवल्यासारखी बसते. मोठा अभंग म्हणजे चार चरण, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे. वरच्या ओळीत सहा अधिक सहा, खालच्या ओळीत सहा अधिक चार, झालं एक कडवं पूर्ण, ओळ मोडायची गरजच नाही. छोटा अभंग असला तर आठ-आठचे दोन चरण, एका ओळीला एक. इंग्रजी सबटायटलसारखं वाक्य कुठे तोडायचं हा प्रश्नच येत नाही आपल्याकडे, संतांनी आधीच तोडून ठेवलंय :)

पण खरी गोची वेगळीच आहे. लॅपटॉपवर कोण बसणार? कॉम्प्युटरवाला पोरगा बसवलात तर फसलात. बुवा धृपद किती वेळा घोळवतील, मध्येच कुठलं कडवं सोडतील, कधी परत मागे येतील हे त्याला कळत नाही, तो पुढची स्लाइड दाबतो आणि मांडव एक म्हणतोय नि स्क्रीनवर दुसरंच. तिथे भजनी माणूस हवा, माउस धरता आला तरी पुरे. आणि गजराचे शब्द दाखवायच्या भानगडीत पडू नका. डबलबारीत बुवा समोरच्याला उत्तर देताना जागच्या जागी रचतात, ते तुम्ही आधी कुठून टाइप करणार? गजर सुरू झाला की पट्टी रिकामी ठेवा, किंवा व्हिडिओ मोठा करा.

वेंगुर्ल्याची

मी सबटायटलिंगचं काम करते म्हणून तुमच्या टेक्स्टच्या काल्याबद्दल सांगते. डीटीपीवाल्यांचे जुने फाँट असतात ना, ते आतून इंग्रजी अक्षरंच साठवतात आणि फक्त दिसायला मराठी दाखवतात. तो फाँट नसलेल्या ठिकाणी पेस्ट केलं की आतलं खरं रूप बाहेर येतं. त्यांना सांगायचं की युनिकोडमध्ये द्या, किंवा कन्व्हर्टरमधून काढून घ्यायचं, पण कन्व्हर्टरनंतर डोळ्यांनी तपासायचंच, जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडचे तिकडे होतात.

दुसरं, ओबीएसमध्ये विंडोजवर जीडीआय प्लस नावाचा टेक्स्ट सोर्स आहे तोच घ्या. फ्रीटाइप वाला घेऊ नका, त्याला अक्षरं एकापुढे एक मांडता येतात पण आपली जोडणी येत नाही, 'कि' लिहिलं तर वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षराचा पाय मोडलेला. लिनक्स किंवा मॅक असेल तर सरळ ब्राउझर सोर्स वापरा, ब्राउझरला देवनागरी नीट येतं. टेक्स्ट फाइलमधून वाचायचं असेल तर नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, एएनएसआय राहिलं तर सगळी प्रश्नचिन्हं येतील. मी पहिल्यांदा केलं होतं तेव्हा स्क्रीनवर फक्त प्रश्नचिन्हांच्या रांगा, लोकांना वाटलं कोडं घातलंय.

फाँट जाड आणि साधा घ्या, मुक्ताचा सेमीबोल्ड किंवा नोटो सॅन्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत. लग्नपत्रिकेतला वळणदार फाँट अजिबात नको. ओळींमध्ये जागा सोडा, वरच्या ओळीचा उकार नि खालच्या ओळीची मात्रा एकमेकींना भेटायला नकोत. इंग्रजीच्या अंतराने मराठी लावलं की हे होतंच.

अजून एक, ओपनएलपी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चर्चमध्ये गाण्याचे शब्द कडव्या-कडव्याने दाखवायलाच बनवलेलं आहे. आमच्याकडे एका चर्चमध्ये बघितलं मी. अभंगाला पण चालेल की, देवाला काय फरक पडतो.

केबलकाका चिपळूण

पोरांनो तुमचा हिशोब वाचून जुने दिवस आठवले म्हणून लिहितोय, कंटाळा आला तर पुढे जा. नव्वदच्या दशकात मी गावात केबल चालवायचो आणि पिक्चरच्या खाली जाहिरातीची पट्टी फिरवायचो, अमुक कापड दुकानात सेल, तमक्याचा मुलगा हरवला आहे, वगैरे. तेव्हा हे एक क्लिकचं काम नव्हतं. व्हीसीआरचं चित्र वेगळ्या तालावर चालतं आणि कॉम्प्युटरचं वेगळ्या. पाल म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत, त्यात चित्र ६२५ ओळींचं, सेकंदाला २५, आणि ते पण अर्धं अर्धं, आधी विषम ओळी मग सम ओळी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. दोन्ही चित्रांची प्रत्येक ओळ एकाच क्षणी सुरू झाली तरच एकावर एक बसतात, नाहीतर अक्षरं पडद्यावरून वाहत जातात. त्यासाठी जेनलॉकचं कार्ड लागायचं, ते कॉम्प्युटरला व्हिडिओच्या तालावर चालायला लावायचं. मग कॉम्प्युटरवर एक रंग ठरवायचा, तो रंग जिथे असेल तिथे खालचा व्हिडिओ दिसणार, बाकी ठिकाणी अक्षर. तुमचं हल्लीचं हिरव्या पडद्याचं तंत्र त्याचंच भावंड.

आता मराठीची गंमत ऐका. एबीसीडी टाकली तर स्थिर दिसायची. मराठी टाकली की अख्खी ओळ थरथरायची. पुष्कळ दिवस कळेना, मला वाटायचं कार्ड खराब आहे, दोनदा मुंबईला पाठवलं. मग एका रात्री नीट बघितलं तर थरथरत होती फक्त शिरोरेषा. ती एकाच ओळीएवढी जाड होती, म्हणजे एकतर विषम फेरीत दिसायची किंवा सम फेरीत, सेकंदाला २५ वेळा लागायची नि विझायची. इंग्रजीला अशी लांब आडवी रेघ नाही म्हणून ते सुटायचे. रेघ दुप्पट जाड केली आणि थरथर बंद! आजही तुमचा कॅमेरा ५०आय वर (म्हणजे तसंच अर्धं अर्धं चित्र) असेल आणि त्यात आडवी बारीक रेघ असेल तर हेच होईल, कॅमेरा ५०पी किंवा २५पी वर (अख्खं चित्र एकदम) ठेवा.

आणि ते व्हिडिओवर थेट अक्षर टाकायचं सोडून द्या. जुन्या परदेशी टीव्हीवर टेलिटेक्स्ट असायचं, बीबीसीने १९७४ ला सुरू केलेलं, २४ ओळी नि ४० रकाने. त्याच्या रिमोटला मिक्सचं बटण होतं, दाबलं की चित्र आणि मजकूर एकावर एक. दाबून बघितलं की चित्रही धड दिसत नाही आणि मजकूरही. म्हणून बहिऱ्यांसाठी सबटायटल दाखवायचे तेव्हा अक्षराच्या मागे काळी चौकट असायची. तुमचे बुवा पांढऱ्या झब्ब्यात येणार, त्यावर पांढरी अक्षरं, काय दिसणार कप्पाळ. कुडाळवाल्याची वेगळी पट्टी बरोबर आहे.

रत्नांग्री_स्विचर

काका 🙏 शिरोरेषेचं भारीच.

कातळावरचा भाऊ, तोंड आणि आवाज जुळत नाही त्याचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. ती उशीर होण्याची गोष्ट आहे आणि लाइव्हमध्ये ती पूर्ण जात नाही, फक्त कमी होते. मोजायची सोपी पद्धत: मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करून कॅमेऱ्यासमोर धरा, आणि दुसऱ्या मोबाइलने एकाच फोटोत तो मोबाइल आणि वॉल दोन्ही पकडा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमचा उशीर. माझ्याकडच्या डोंगलला ओबीएस आणि प्रोसेसर धरून जवळजवळ पाव सेकंद यायचा. आवाज हवेतून सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे वीस मीटर मागे बसलेल्याला तो ६० मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेवढा फरक मागच्यांना आपोआप वजा होतो. पुढच्यांना चित्र जास्त मागे पडलेलं दिसतं, पण पुढच्यांनी वॉल बघायचीच कशाला, बुवा समोर आहेत की.

आवाज मुद्दाम उशिरा सोडू नका हा, वॉलसाठी कोणी तरी तसं सुचवेल. बुवांचा खरा आवाज आणि स्पीकरचा आवाज मागे-पुढे झाला तर बुवा तुम्हाला उभे आडवे घेतील. यूट्यूबवर लाइव्ह करत असाल तर तिथे मात्र ओबीएसमध्ये ऑडिओला तेवढा सिंक ऑफसेट द्या.

कमी करायचं असेल तर व्हिडिओ लॅपटॉपमधून नेऊच नका. एखादा चार एचडीएमआयवाला छोटा स्विचर (वेगवेगळी चित्रं एकत्र करणारी पेटी) भाड्याने घ्या, एटेम मिनीसारखा, कॅमेरा थेट त्यात, लॅपटॉप फक्त शब्द पाठवणार, काळ्या बॅकग्राउंडवर पांढरे, आणि स्विचरमध्ये ल्युमा की. काळं जातं, पांढरं राहतं. यात एक खड्डा आहे, मी पडलोय त्यात: अक्षराला काळी बॉर्डर दिली किंवा मागे गडद पट्टी ठेवली तर ती पण काळी म्हणून उडून जाते. पट्टी थोडी उजळ निळी ठेवा आणि क्लिप (किती काळं उडवायचं ती मर्यादा) खाली घ्या. भाड्याचे पैसे नसतील तर डोंगलवरच चालवा आणि लांबचा शॉट ठेवा, तोंड लहान दिसलं की उशीर कोणाला कळत नाही. पखवाजवाल्याच्या हाताचा क्लोजअप तर मुळीच नको, थाप ऐकू आल्यावर हात पडताना दिसला की सगळा मांडव हसतो.

नावांचे धक्के: ओबीएसचं स्क्रोल सेकंदाला किती पिक्सेल ते लिहायचं असतं. फ्रेमरेट ५० असेल तर १०० किंवा १५० लिहा, म्हणजे दर फ्रेमला पूर्ण दोन किंवा तीन पिक्सेल सरकतं. १३० वगैरे लिहिलंत तर दर फ्रेमला २.६ पिक्सेल, अक्षराच्या कडा थरथरतात. आणि कॅमेरा ५० वर, ओबीएस ५० वर, तर लॅपटॉपचं आउटपुट पण ५० हर्ट्झवर करा, ते ६० वर राहिलं की धक्के आलेच.

कातळावरचा (देवगड)

अरे देवा, एवढी उत्तरं! सगळ्यांना हापूसची पेटी लागू (सीझनला आठवण करा, आता मागू नका, मोहोर धरायचाय अजून).

एक शंका, एलईडीवाला म्हणतो माझ्या मशीनमध्ये स्केलिंग नाही, जसं येईल तसं दाखवतो. मग कुडाळवाल्यांचं १११ चालेल का?

कुडाळ_लाइव्ह

नाही चालणार, बरं झालं विचारलंत. स्केलिंग नसलेलं सेंडिंग कार्ड (वॉलला चित्र पाठवणारं) बहुतेक वेळा १९२० च्या चित्राचा वरचा डावा ८९६ बाय ५१२ चा कोपरा उचलतं, बाकीचं टाकून देतं. तुमच्यासाठी हे उलट चांगलंच आहे, एकास एक पिक्सेल मिळतो, अक्षर एकदम कोरलेलं दिसतं. ओबीएसमध्ये सगळी मांडणी त्या कोपऱ्यात करा, व्हिडिओ ६४० बाय ३६०, टेक्स्ट साइज ५२, बाकी कॅनव्हास काळा सोडा. फक्त विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १०० टक्के आहे ना बघून घ्या, आणि मांडव बांधला की आदल्या दिवशीच लावून शेवटच्या रांगेतून स्वतः वाचून बघा. रात्री वॉलचा ब्राइटनेस निम्म्याहून खाली आणा, पांढऱ्याऐवजी फिकट पिवळी अक्षरं, नाहीतर अक्षराच्या भोवती उजेड पसरतो नि परत मुंगळे.

आणि कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये वॉल येऊ देऊ नका, स्क्रीनमध्ये स्क्रीन त्यात परत स्क्रीन असा बोगदा होतो. कोकण रेल्वेला पुरतील तेवढे आहेत.

कातळावरचा (देवगड)

(तीन आठवड्यांनी) मंडळी, रिपोर्ट देतो. स्विचर नाही परवडला, डोंगलवरच केलं, मोबाइलवाली ट्रिक लावून मोजलं तर २२० मिलिसेकंद आला, लांबचा शॉट ठेवला, कोणी काही बोललं नाही. लॅपटॉपवर आमच्या भजनी मंडळातले एक काका बसवले, आधी माउसला हात लावायला घाबरत होते, अर्ध्या तासात मला उठवून लावलं. एकदा बुवांनी कडवं सोडलं तर काकांनी बुवांच्या आधी ओळखून पुढचं लावलं. गजराला पट्टी रिकामी ठेवली. पहाटे चार वाजता दव एवढं पडलं की खालच्या ओळीतलं एक पॅनल बंद झालं, नेमकं शब्दांच्या पट्टीतलं, प्रत्येक ओळीचं तिसरं-चौथं अक्षर गायब. तोपर्यंत लोकांना पाठ झालं होतं.

पण एक नवीनच त्रास सुरू झालाय. आता शेवटच्या रांगेपर्यंत वाचता येतं ना, तर सगळे शुद्धलेखन तपासायला लागले. आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांनी सकाळी काल्याच्या प्रसादाला माझ्या हातात वहीचं पान दिलं, चौदा चुका, कडव्याच्या नंबरासकट. आणि आजी म्हणते, "वाचूक येता रे झिला, पण 'विठू'चो ठू ऱ्हस्व कित्याक?"

वेंगुर्ल्याची ताई, ते कन्व्हर्टरनंतर डोळ्यांनी तपासा म्हणालात ते मी वाचलं होतं. केलं नाही. पुढच्या वर्षीची फाइल तुम्हाला पाठवू का?